मेकॅनिकल, रोबोटिक्स की एरोनॉटिकल : येळ्ळूरच्या एका घरातला ऑप्शन एन्ट्रीचा आठवडा

हे प्रकरण कुणा एका कुटुंबाचं नाही. केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकातल्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घराघरांत जो घोळ चालतो, तो गोळा करून इथं एक घर उभं केलं आहे. माणसांना म्हणूनच नावं दिलेली नाहीत.

घर बेळगावजवळच्या येळ्ळूरचं. वडील २० वर्षं उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर आहेत. आई ३० गुंठ्यांतलं बासमती भात बघते. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, नंतर बेळगावात पीयू, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स. रँक अशी आहे की सरकारी कोट्यातून तिला हव्या त्या बहुतेक ठिकाणी जागा मिळेल. कॉम्प्युटर सायन्स तिला नको आहे. तिला यंत्रांतलंच शिकायचं आहे, पुढं परदेशात मास्टर्स करायचं आहे आणि जमलं तर काही वर्षं तिथंच काम करायचं आहे. पहिली पसंती जर्मनी, कारण सरकारी विद्यापीठांची फी. इथवर घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

घोळ झाला तो शाखेच्या नावावरून. पुण्यातल्या आतेभावानं ऑप्शन एन्ट्री, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीची यादी, भरून दिली होती. पहिला पर्याय शहराबाहेरच्या नव्या कॉलेजातलं रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, दुसरा बेंगळुरूच्या खासगी कॉलेजातलं एरोनॉटिकल, तिसरा बेळगावच्या जुन्या स्वायत्त कॉलेजातलं मेकॅनिकल, चौथा धारवाडकडचं इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन. त्याचं म्हणणं साधं होतं. "मामा, मेकॅनिकल आता जुनं झालं. डिग्रीवर रोबोटिक्स असलं की बाहेरचे लोक लगेच घेतात." सौदीत असलेल्या मामानं फोनवर नेमकं उलटं सांगितलं. "दाजी, इकडं इकाम्यावर मेकॅनिकल इंजिनिअर असं लागतंय. दुसरं काही लिहिलं असलं की साहेब विचारत बसतोय हे काय म्हणून." (इकामा म्हणजे तिथला राहण्याचा परवाना.) टिळकवाडीतल्या एका सल्ला केंद्रानं तिसरंच काढलं: हत्तरगीला विमानाचे भाग तयार होतात, तेव्हा एरोनॉटिकलच घ्या, घरच्या जवळ नोकरी आणि तिथून परदेश.

मॉक अलॉटमेंटमध्ये रोबोटिक्स लागलं. मॉक अलॉटमेंट म्हणजे पक्की जागा नव्हे. ती लागल्यावर पर्यायांचा क्रम बदलायला, काही काढायला, काही घालायला केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, थोडे दिवस देतं. बहुतेक घरांत हे दिवस अभिनंदनाच्या फोनांत जातात. या घरानं ते कागद काढून बसायला वापरले.

आधी एरोनॉटिकल

हा पर्याय सगळ्यात लवकर निकाली निघाला. शाखा वाईट नाही. अडचण अशी की या शाखेनं जे काम मिळायला हवं, त्यातल्या बऱ्याच कामाला परदेशात नागरिकत्वाचं कुंपण आहे. अमेरिकेत संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातली तांत्रिक माहिती आयटार या नियमांखाली येते. ती माहिती हाताळायला माणूस अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा आश्रय मिळालेला लागतो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलगी यातल्या कशातच बसत नाही. कंपनीला ती कितीही आवडली तरी तिला त्या कामावर ठेवायचं तर आधी सरकारी परवाना काढावा लागतो, आणि नव्या पदवीधरासाठी एवढी खटपट कोण करणार? ब्रिटनमध्येही संरक्षणाशी जोडलेल्या जागांना सुरक्षा तपासणी लागते आणि तिला देशातल्या काही वर्षांच्या वास्तव्याची अट असते. नागरी विमान उद्योग, म्हणजे हॅम्बुर्ग किंवा तुलूझकडचं काम, त्या मानानं खुलं आहे. पण तिथं मेकॅनिकलवालेही तितक्याच संख्येनं घेतले जातात.

दुसरी गल्लत नावाची. आईला वाटत होतं, एरोनॉटिकल शिकून मुलगी विमानं दुरुस्त करेल. ते काम एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरचं. त्याला बी.ई. लागत नाही, भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा, डीजीसीएचा, परवाना लागतो, आणि युरोपात तिथल्या नियामकाचा, ईएएसएचा. एरोनॉटिकलच्या पदवीनं तो परवाना आपोआप मिळत नाही. ही गल्लत इतक्या घरांत दिसते की कॉलेजच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर तिचा खुलासा छापायला हवा.

आणि हत्तरगी? हुक्केरी तालुक्यात, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून एक्वस या कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे, तिथं खरोखरच विमानाचे भाग होतात. पण तिथलं काम बघा: मशीनिंग, फोर्जिंग, पृष्ठभागावरच्या प्रक्रिया, मोजमाप. पंखाभोवती हवा कशी वाहते हा तिथला रोजचा प्रश्न नाही. अमुक एक अॅल्युमिनियमचा ठोकळा फाइव्ह-अॅक्सिस मशीनवर कापल्यावर वाकतो का, भोकाची जागा ड्रॉइंगमधल्या मर्यादेत बसते का, हे तिथले प्रश्न. एएस९१०० ही गुणवत्ता पद्धत आणि एएस९१०२ नुसार होणारी फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, म्हणजे पहिल्या नगाचं एकेक माप ड्रॉइंगशी ताडून लिहिलेला अहवाल, हे तिथं रोज लागतं. या कामाला मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनची मुलं जातात. विमानाच्या कारखान्यात जायला पदवीवर विमानाचं नाव लागत नाही.

वडिलांना हे लगेच पटलं. त्यांच्या हाताखालून रोज २० मिलिमीटरचे शाफ्ट जातात, एच७/जी६ फिटचे, म्हणजे भोकात ठरावीक जागा ठेवून बसणारे. भोक २०.००० ते २०.०२१, शाफ्ट १९.९८० ते १९.९९३. म्हणजे दोहोंत जागा कमीत कमी ७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन. उन्हाळ्यात दुपारी मशीन तापलं की पहिल्यांदा हीच मापं सरकतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मुलीला ही भाषा लहानपणापासून कानावर आहे. बेळगावच्या फाउंड्री, हायड्रॉलिक्स आणि मशीनशॉपच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांकडचं हे भांडवल कुठल्याच गुणपत्रिकेत छापलेलं नसतं. अंतिम वर्षाच्या इंटर्नशिपमध्ये ते कागदावर आणता येतं, त्याबद्दल पुढं.

क्रेडिटचा हिशोब

खरा प्रश्न उरला मेकॅनिकल आणि रोबोटिक्समध्ये. इथं आतेभावाचं आणि मामाचं, दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर आहे. जर्मन विद्यापीठात प्रवेश तपासणारा माणूस पदवीचं नाव वाचतो, पण तिथं थांबत नाही. तो विषयांची यादी काढतो, त्यांचे गट पाडतो आणि प्रत्येक गटात किती ईसीटीएस झाले ते मोजतो. ईसीटीएस हे युरोपातलं क्रेडिटचं माप, पूर्ण वेळच्या एका वर्षाला ६०. मास्टर्सच्या प्रवेश नियमांत लिहिलेलं असतं की गणित इतकं, यांत्रिकी इतकं, उष्णता आणि द्रव इतकं. कमी पडलं तर एकतर अर्ज बाद, नाहीतर तिथं गेल्यावर ते विषय जादा पास होण्याच्या अटीवर प्रवेश. ही सवलतही सरसकट नसते. किती तुटीपर्यंत ती द्यायची याची मर्यादा प्रत्येक कार्यक्रम स्वतः ठरवतो.

व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, २०२२ च्या योजनेत ४ वर्षांचे १६० क्रेडिट आहेत. जर्मनीनं ४ वर्षांना पूर्ण २४० ईसीटीएस धरले तर आपल्या १ क्रेडिटचे १.५ होतात. ३ क्रेडिटचा विषय ४.५, ४ क्रेडिटचा ६. काही विद्यापीठं इतकं उदार होत नाहीत, २१० धरतात. मग १ क्रेडिटचे १.३१ च होतात. हिशोब नेहमी कमी गुणकानंही करून बघावा. इथं सोपं जावं म्हणून १.५ धरलं आहे.

कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडं मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या एका मास्टर्सला लागतील अशा धाटणीच्या अटी. हे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे असतात: गणित २०, यांत्रिकी १५, उष्णता-द्रव १५, डिझाइन-मटेरियल-उत्पादन २०, विद्युत-नियंत्रण १०. उजवीकडं दोन्ही कॉलेजांच्या अभ्यासक्रमातले विषय, एकेक करून.

मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स ३, फ्लुइड मेकॅनिक्स ४ आणि हीट ट्रान्सफर ४ क्रेडिट धरले तर ११ होतात, म्हणजे १६.५. अट पुरी. बेसिक इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल आणि मेकॅट्रॉनिक्स, प्रत्येकी ३, म्हणजे १३.५. तीही पुरी. यांत्रिकी आणि डिझाइन-उत्पादनात काहीच अडचण नाही, मेकॅनिकलचा पायाच तो. अडलं ते गणितात. पहिल्या वर्षाचे ४-४ क्रेडिटचे दोन पेपर, मिळून १२. तूट ८ ईसीटीएसची.

रोबोटिक्सच्या यादीत गणिताची तूट तेवढीच. विद्युत, नियंत्रण, प्रोग्रॅमिंग भरपूर. पण उष्णता आणि द्रव मिळून ३ क्रेडिटचा एकच विषय होता, म्हणजे ४.५. अट १५ ची. तूट १०.५, आणि गणिताची ८ धरून १८.५.

आता रोबोटिक्स किंवा मेकॅट्रॉनिक्सच्या मास्टर्ससाठी हिशोब उलटा फिरवला. तिथं विद्युत-नियंत्रण-प्रोग्रॅमिंग मिळून २५ लागतात असं धरलं. मेकॅनिकलवालीकडं १३.५ आणि पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगचे ४.५, म्हणजे १८. तूट ७ ची.

या प्रकरणाची किल्ली इथं आहे. तूट दोन्ही बाजूंना आहे, पण ती भरून कुणाला काढता येते? मेकॅनिकलच्या मुलीला ओपन इलेक्टिव्ह मिळतात, ते दुसऱ्या विभागाचे घ्यायचे असतात. त्यांतून ३-३ क्रेडिटचे दोन विषय, सेन्सर किंवा एम्बेडेड सिस्टीम किंवा डेटा स्ट्रक्चर्स, घेतले की ९ ईसीटीएस झाले आणि तूट संपली. गणितासाठी न्यूमरिकल मेथड्स किंवा स्टॅटिस्टिक्सचा इलेक्टिव्ह. रोबोटिक्सच्या मुलीला हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्स पूर्ण पेपर म्हणून हवे असतील, तर ते ओपन इलेक्टिव्हच्या यादीत जवळजवळ कधीच नसतात. ते मेकॅनिकलचे कोअर विषय, आणि कोअर विषय बाहेरच्यांना सहसा देत नाहीत. म्हणून मेकॅनिकलवरून रोबोटिक्सकडं जायची वाट उघडी राहते, रोबोटिक्सवरून मेकॅनिकलकडं यायची अरुंद होते. ज्या मुलीचं अजून नक्की ठरलेलं नाही, तिनं उघड्या वाटेच्या बाजूनं उभं राहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑनलाइन कोर्सबद्दल एक खुलासा. स्वयम-एनपीटीईएलचा कोर्स विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत क्रेडिटसह उतरला तरच तो या हिशोबात धरायचा. नुसतं प्रमाणपत्र जोडल्यानं सहसा ईसीटीएस मिळत नाहीत. एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या चौकटीत ऑनर्स किंवा मायनरसाठी, म्हणजे मुख्य शाखेला जोडलेल्या जादा विषयगटासाठी, १८ ते २० जादा क्रेडिट करता येतात. रोबोटिक्सचं मायनर असं मेकॅनिकलवर चढवता येतं आणि ते गुणपत्रिकेत दिसतं. आतेभावाला हवं असलेलं नाव याही मार्गानं मिळतं. मायनरचं ओझं सीजीपीए, म्हणजे गुणांची एकूण सरासरी, खाणार असेल तर मात्र नको. कारण पुढं आहे.

कन्नडच्या पेपरचा १ क्रेडिट, उद्योजकता असे विषय १६० मध्ये मोजले जातात, पण तांत्रिक गटांत कुठंच बसत नाहीत. हिशोब करताना मुलं तेही धरतात आणि आकडा फुगतो.

सीजीपीएचं जर्मन रूप

जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. आपल्या गुणांचं रूपांतर ज्या सूत्रानं करतात त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकानं भागा, ३ नं गुणा, १ मिळवा. सीजीपीए ८, कमाल १०, किमान उत्तीर्ण ४ धरलं तर उत्तर २.० येतं. किमान ५ धरलं तर तेच ८ चे २.२ होतात. सीजीपीए ७ ला हा फरक आणखी बोचतो: ४ धरलं तर २.५, ५ धरलं तर २.८. अनेक मास्टर्सची मर्यादा २.५ असते. म्हणजे सीजीपीए ७ वाली मुलगी विद्यापीठ किमान आकडा कोणता धरतं यावर आत किंवा बाहेर. यावर इलाज एकच, ८ च्या वर राहणं. आणि त्यासाठी पहिली दोन सेमिस्टर, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची घसरण तिथंच होते. गणित त्यांना येत असतं. अडतं ते इंग्रजीतला लांबलचक प्रश्न वेळेत वाचण्यात.

मान्यता : एनबीए, आणि तिचा टियर

माहितीपत्रकात "नॅक ए प्लस" मोठ्या अक्षरांत असतं. नॅक ही मान्यता अख्ख्या कॉलेजला असते. परदेशात इंजिनिअर म्हणून नोंदणी करताना विचारतात ते एनबीए, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनची मान्यता, आणि ते कॉलेजला नसून एकेका शाखेला असतं. त्यातही दोन टियर आहेत. भारत २०१४ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. या करारामुळं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन अशा देशांच्या अभियंता संस्था एकमेकांच्या पदव्या समतुल्य धरतात. पण आपल्याकडून त्यात फक्त टियर-१ मान्यता असलेल्या शाखा धरल्या जातात, आणि टियर-१ साठी स्वायत्त कॉलेज किंवा विद्यापीठ लागतं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा शिकवणाऱ्या संलग्न कॉलेजला टियर-२ मिळतो. शिकवणं उत्तम असेलही, करारात मात्र तो मोजला जात नाही.

नव्या शाखेचं आणखी एक दुखणं: किमान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडं अर्जच करता येत नाही. रोबोटिक्सची पहिलीच तुकडी अजून आत आहे. आपली मुलगी पदवी घेईल तेव्हा मान्यता असेल की नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि पदवी मान्यतेच्या मुदतीत मिळालेली असावी लागते. एनबीएच्या संकेतस्थळावर शाखा, टियर आणि कधीपासून कधीपर्यंत हे तिन्ही रकाने वाचायचे. मुदत मध्येच संपत असेल तर कॉलेजला विचारायचं की पुनर्मान्यतेचा अर्ज केला का.

मान्यता नसली म्हणजे दार बंद असं नाही, वळसा पडतो. ऑस्ट्रेलियात करारातली पदवी असेल तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडचं मूल्यांकन त्या मानानं सरळ होतं. नसेल तर सीडीआर, म्हणजे आपल्या कामातून क्षमता दाखवणारा अहवाल, लिहावा लागतो: प्रत्येकी १००० ते २५०० शब्दांचे ३ करिअर एपिसोड, त्यावर सारांश विवरण. विकत लिहून घेतलेले सीडीआर पकडले जातात आणि अर्जावर बंदी येते.

मामाचं म्हणणं

आखाताबद्दल मामा बरोबर होता. तिथं नाव वाचतात, आणि अक्षरशः वाचतात. सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडं नोंदणी करताना पदवी आणि इकाम्यावरचा व्यवसाय जुळावा लागतो. मेकॅनिकल हा त्यांच्या ओळखीचा व्यवसाय आहे. कुवेतनं २०१८ मध्ये इंजिनिअर म्हणून परवाना देताना एनबीए मान्यतेची अट लावली, तेव्हा वर्षानुवर्षं तिथं काम करणाऱ्या हजारो भारतीय इंजिनिअरांचे परवाने अडकले. त्यांची पदवी खरी होती, अनुभव खरा होता. फक्त ते शिकले तेव्हा त्यांच्या शाखेला मान्यता नव्हती. जर्मनीचं ठरवलेल्या मुलीला आखात कशाला, असं वाटेल. पण मास्टर्सला प्रवेश हुकला, कर्ज जमलं नाही, तर आपल्या भागातून परदेशी जाणारा दुसरा रस्ता तोच आहे. तो बंद करणारा पर्याय घेताना विचार करावा.

अमेरिकेच्या बाबतीत इथल्या बी.ई.च्या शाखेला सगळ्यात कमी वजन. तिथं मास्टर्स ज्या विषयात, त्याचा कोड महत्त्वाचा. मेकॅनिकल, मेकॅट्रॉनिक्स, एरोस्पेस, इंडस्ट्रियल हे सगळे स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या यादीत, येतात, म्हणजे पदवीनंतर १२ अधिक २४ महिने काम करता येतं. नंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत.

हुकलेला पर्याय

एक दार या घरासाठी आधीच बंद झालं होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात ई प्रकार म्हणून एक उमेदवारी आहे: वादग्रस्त सीमाभागात राहणारे, तिथल्याच मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेले, मातृभाषा मराठी असलेले विद्यार्थी. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी ही सोय आहे. ठरावीक नमुन्यांतली दोन प्रमाणपत्रं लागतात, एक सीमाभागातल्या रहिवासाचं, दुसरं मातृभाषेचं. सांगलीचं वालचंद किंवा कोल्हापूरची स्वायत्त कॉलेजं यातून आवाक्यात येतात. पण त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते आणि तिचे अर्ज कित्येक महिने आधीच भरून संपलेले असतात. केसीईटीच्या निकालानंतर या सोयीचा शोध लागून उपयोग नाही. अकरावीत असतानाच घरात हे बोलायला हवं होतं, आणि सीमाभागातल्या प्रत्येक मराठी शाळेत हे दहावीलाच सांगायला हवं.

क्रम बदलला

शेवटी यादी अशी झाली: बेळगावच्या स्वायत्त कॉलेजातलं मेकॅनिकल पहिलं, टियर-१ मान्यतेचं धारवाडकडचं इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन दुसरं, एका जुन्या संलग्न कॉलेजातलं मेकॅनिकल तिसरं, रोबोटिक्स चौथं. एरोनॉटिकल काढून टाकलं. इंडस्ट्रियलबद्दल इथं फार लिहिलं नाही, कारण ती तिची आवड नव्हती. उष्णता-द्रव त्यातही कमी, पण कारखाना चालवण्याचं काम आवडणाऱ्यासाठी शाखा चांगली.

आतेभावाला क्रम बदललेला आवडला नाही, आणि त्याचं एक म्हणणं खरं आहे: ज्या मुलाला प्रोग्रॅमिंग आणि कंट्रोलच करायचं आहे हे मनाशी पक्कं आहे, आणि जिथं रोबोटिक्स शाखा जुन्या, मान्यतेच्या इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल विभागातून उभी राहिली आहे, तिथं ती घ्यावी. इथं या दोन्ही अटी पुऱ्या होत नव्हत्या.

जागा लागल्यावर केईए चार चॉइस देतं. चॉइस १ म्हणजे जागा मान्य, प्रवेश पक्का. चॉइस २ म्हणजे जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत यादीतल्या वरच्या पर्यायांसाठी उभं राहणं. वरचं लागलं तर हातातली जागा आपोआप जाते. चॉइस ३ म्हणजे जागा सोडून पुढची फेरी. चॉइस ४ म्हणजे बाहेर. चॉइस २ मध्ये चूक होते ती एकच: "वर" नको असलेला पर्याय तसाच राहतो आणि तोच लागतो. म्हणून रोबोटिक्स चौथ्यावर नेणं पुरेसं होतं, पण एरोनॉटिकल यादीतून काढणंच योग्य.

पुढच्या चार वर्षांची कामं

जर्मन भाषा दुसऱ्या वर्षापासून, एका वर्षात साधारण एक पातळी या चालीनं. मास्टर्स इंग्रजीत मिळतं. मशीन बांधणाऱ्या मध्यम कंपन्यांत मात्र जेवणाच्या टेबलावर, आणि शॉपफ्लोअरवर, जर्मनच. गोएथे इन्स्टिट्यूटचं केंद्र पुण्यात आणि बेंगळुरूत आहे. परीक्षेला तिकडं जावं लागेल हे धरूनच वेळ आखायची.

अंतिम वर्षाची इंटर्नशिप उद्यमबाग किंवा हत्तरगीला. प्रमाणपत्रावर "इंटर्नशिप पूर्ण केली" एवढंच लिहून घेऊ नये. किती आठवडे, कोणत्या मशीनवर, सीएमएम या मोजमापाच्या यंत्रावर किती भागांची मापं घेतली, पहिल्या नगाच्या अहवालात तिचा भाग कोणता, हे लिहून घ्यायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल हे क्षणात सांगता यायला हवं: जर्मन ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये, अमेरिकन थर्ड अँगलमध्ये. चुकीचं वाचलं तर भाग आरशातला निघतो.

पैसे. जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो (२०२५ चा आकडा) दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. युरो १०० रुपये धरला तर १२ लाखांच्या आसपास. हा खर्च नव्हे, आपलेच पैसे महिन्याला थोडेथोडे परत मिळतात. पण आधी एकरकमी उभे करावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरीच जास्त लावली आहे. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य विद्यापीठागणिक तपासायचं. आईचा मुद्दा एकच होता: "भाताचं शेत गहाण पडायचं नाही." तो मान्य करून ठरलं की पदवीनंतर दोन वर्षं इथंच नोकरी, मग अर्ज. तो अनुभव वायाही जात नाही, कारण २०२५ मध्ये जर्मन ब्लू कार्डला, म्हणजे पदवीधरांच्या कामाच्या परवान्याला, लागणारा पगार वर्षाला ४८,३०० युरो आणि टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८० होता. इंजिनिअर त्या यादीत आहेत, आणि अनुभवी माणसाला तो आकडा गाठणं सोपं जातं.

एपीएस या जर्मन दूतावासाच्या कागद-तपासणी केंद्राच्या प्रमाणपत्राशिवाय भारतीय विद्यार्थ्याला जर्मन विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, नोव्हेंबर २०२२ पासून. त्याची फी १८,००० रुपये. तिथं कागद ताडले जातात, आणि आपल्या भागातली मुलं नेमकी तिथं अडतात. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं मराठी पद्धतीनं. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर कधी आडनाव गायब, कधी इनिशियल शेवटी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. जन्मदाखल्यावर "बेळगाव"चं जुनं इंग्रजी स्पेलिंग, बाकी सगळीकडं नोव्हेंबर २०१४ नंतरचं "बेळगावी". गावाच्या स्पेलिंगनं सहसा अडत नाही, नावाच्या क्रमानं अडतं. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी एसएसएलसी, आधार आणि पासपोर्ट एका नावावर आणायचे, कारण व्हीटीयूच्या गुणपत्रिका त्यानंतर त्याच नावानं छापल्या जातात आणि आठ सेमिस्टरच्या गुणपत्रिका बदलून घेणं हे वर्षभराचं काम होतं.

आणि प्रत्येक सेमिस्टर संपलं की त्या सेमिस्टरच्या विषयांचा सिलॅबस, तास आणि क्रेडिटसह, उतरवून वेगळ्या फायलीत. चार वर्षांनी योजना बदललेली असते, जुना सिलॅबस संकेतस्थळावरून गेलेला असतो, आणि जर्मन विद्यापीठ फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नेमकं काय शिकवलं ते विचारतं. येळ्ळूरच्या घरात ती फाईल प्रवेशाच्या दिवशीच आणली. अजून रिकामी आहे, वर फक्त तिचं नाव लिहिलंय, पासपोर्टच्या क्रमानं.